क्रिप्टोकॉकल अँटिजेन पट्टी : दहा मिनिटांत उत्तर, पण एकाच प्रश्नाचं

एचआयव्ही, किडनी ट्रान्सप्लांट किंवा बरेच महिने स्टिरॉइड चालू असलेला पेशंट दोन-तीन आठवडे डोकं ठणकतंय म्हणून येतो. ताप बारीक, मान सैल. पाठीतलं पाणी तपासलं तर पेशीही जवळपास नॉर्मल. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर निसटतो तो इथेच, आणि या बुरशीचा अंश (अँटिजेन) ओळखणारी ही पट्टी त्याला इथेच पकडते. पेठ-सुरगाण्याहून एसटीने नाशिकला आलेल्या माणसाला त्याच दिवशी निदान मिळतं. कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून पाहायला, आठवडा सहज जातो.

ट्यूबमध्ये डायल्युएंटचा (नमुना पातळ करणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, त्यात 40 मायक्रोलिटर सीएसएफ (पाठीतलं पाणी) किंवा सीरम (रक्तातला पातळ भाग), पट्टीचं पांढरं टोक बुडवायचं, 10 मिनिटं थांबायचं. दोन रेषा म्हणजे पॉझिटिव्ह, मग टेस्टची रेष कितीही पुसट असो. ‘फिकट आहे’ म्हणून निगेटिव्ह लिहिणं ही नेहमीची चूक, आणि ती जिवावर बेतते. पट्टी नीट चालल्याची खूण असलेली कंट्रोलची रेष नसेल तर टेस्ट बाद.

इंडिया इंक, म्हणजे शाई लावून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्याची तपासणी, स्वस्त खरी, पण बुरशी कमी असली की हुकते. पट्टी क्वचित हुकते, तेही उलट कारणाने : अँटिजेन फार झालं की रेष उमटत नाही. संशय दाट असेल तर नमुना पातळ करून पुन्हा लावा.

साठवणीत मात्र काळजी हवी. किट 20 ते 25 अंशांत ठेवायचं असतं आणि मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर पट्ट्या ओल धरतात.

निगेटिव्ह आल्यावर शोध थांबवू नका. टीबीसाठी किमान 5-6 मिली सीएसएफ वेगळं काढा, सेंट्रिफ्यूज करून गाळ एक्स्पर्ट अल्ट्रा या टीबीच्या जनुकीय टेस्टला लावा. तोही निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असं ठरत नाही. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीसाठी कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. फिट किंवा एका बाजूची कमजोरी असेल तर स्कॅन आधी, पाठीतलं पाणी काढायची सुई नंतर.

सुई आत असतानाच दाब मोजा. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्ही नळी उभी धरून सुईपासून उंची मोजता येते. 25 सेंमीच्या वर गेला तर पाणी काढून दाब उतरवावा लागतो.

उपचार लागू पडतायत का, हे पाहायला पट्टी पुन्हा लावू नका. अँटिजेन महिनोन्‌महिने रेंगाळतं. तेच पैसे एचआयव्हीत सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) 100 च्या खाली असलेल्यांचं रक्त तपासायला वापरा. रक्तात पॉझिटिव्ह आलं, तर डोकं दुखत नसलं तरी एलपी करा, म्हणजे पाठीतलं पाणी काढून तपासा.