फँटम: ताऱ्यांचा जन्म संगणकावर पाहायचा असेल तर

वायूच्या ढगाचे लाखो कण करून गुरुत्व आणि खळबळ यांची रस्सीखेच मोजणारी ही फोर्ट्रान या संगणकभाषेतली मोफत, मुक्त-स्रोत प्रणाली. तारकागुच्छासाठी तयार मांडणी मिळते, हे फार मोलाचं.

उदाहरणार्थ, 50 सौरवस्तुमानांचा, 10 केल्विन तापमानाचा ढग घ्या. त्रिज्या 0.1875 पार्सेक, मुक्तपतनाचा काळ (फक्त स्वतःच्या गुरुत्वाने ढग कोसळायला लागणारा वेळ) सुमारे 1.9 लाख वर्षं. कण 50,000च ठेवले तर प्रत्येक कण 0.001 सौरवस्तुमानाचा होतो. जीन्स वस्तुमानात (स्वतःच्या गुरुत्वाने कोसळू शकणाऱ्या सर्वात लहान तुकड्याच्या वस्तुमानात) निदान 75-100 कण हवेत, म्हणजे 0.1 सौरवस्तुमानाखालचे तुकडे विश्वासार्ह नाहीत. तपकिरी बटूंचा, म्हणजे तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या पिंडांचा, अभ्यास असेल तर 35 लाख कण लागतातच! तिथे घरच्या लॅपटॉपचं काम नाही.

धावेआधी इनपुट फाइलमध्ये सिंक कण (दाट गाभ्याच्या जागी येऊन भोवतालचा वायू गिळणारे कण) चालू आहेत ना, हे नक्की बघा. नसतील तर गाभ्याची घनता वाढत जाते, कालपायरी (गणना एका वेळी जितका काळ पुढे सरकते तो) आखडते आणि गणना जागीच रुतते.

आणखी एक: सुरुवातीला दिलेली खळबळ आपोआप विरते, साधारण एका ओलांडणी-काळात, म्हणजे खळबळीच्या वेगाने ढग पार करायला लागणाऱ्या वेळात. ढग जास्त काळ तग धरायला हवा असेल तर बाहेरून ढवळणं द्यावं लागतं.

चित्रांसाठी सोबत स्प्लॅश ही चित्रणाची प्रणाली वापरा, जोडी छान जमते.