चिकूसोबत कोल्हापुरातल्या हॉटेलात १८ रात्री: सगळं भारी, फक्त ती फरशी

गेल्या रविवारी चेकआऊटला डिपॉझिटमधले ८०० रुपये कापले म्हणून लिहायला बसले. कारण काय दिलं तर "फरशीवर तुमच्या कुत्र्याच्या नखांचे ओरखडे आहेत मॅडम". ज्या फरशीबद्दल मी फेब्रुवारीपासून तोंड दुखेपर्यंत सांगतेय, तिच्याच नावाने माझे पैसे कापले. आता गप्प बसवत नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. पण जे कोल्हापुरात कुत्रं घेऊन राहिलेत त्यांना कळेल, जिथे रिसेप्शनच्या काउंटरशेजारी मालकांचा मुधोळ जातीचा कुत्रा पाय दुमडून बसलेला असतो तेच. रूम कशा, एसी चालतो का, पार्किंग आहे का, हे सगळं तुम्हाला माहितीच असेल त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

माझं माहेर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, मी पुण्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून महिन्याला एक फेरी ठरलेली. भाचीला दमा आहे आणि कुत्र्याच्या केसांनी तो उठतो, म्हणजे चिकूला घरी न्यायचा प्रश्नच मिटला. पुण्यात बोर्डिंगला ठेवून बघितला तर दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही त्याने. ट्रेनने न्यायचं तर फर्स्ट एसीची अख्खी केबिन नाहीतर कूपे आपल्या नावावर पाहिजे, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत घालायचं, आणि नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला त्या पेटीत रात्रभर कोंडायची माझी तयारी नाही. मग गाडी आणि हॉटेल. फेब्रुवारी ते सप्टेंबर सात खेपा, १८ रात्री.

पहिल्या दिवशी मी अक्षरशः हरखून गेले होते. रजिस्टरमध्ये कुत्र्याची वेगळी ओळ असते हो! नाव, वय, रेबीजची लस कधी दिली, काय खातो, कशाला घाबरतो. मी लिहिलं "कुकरच्या शिट्टीला", तर आम्हाला किचनपासून लांबची रूम दिली, न मागता. किल्लीला बोटाएवढी कोल्हापुरी चप्पल लावलेली. रिसेप्शनच्या भिंतीवर पोस्टाचं तिकीट फ्रेम करून लावलंय, २००५ मध्ये पोस्टाने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती, हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजपालयम आणि मुधोळ, त्यातलं मुधोळचं. मालक त्याबद्दल भरभरून सांगतात, मुधोळच्या संस्थानिकांनी ही जात कशी जपली ते ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. असं प्रेम असलेल्या माणसाचं हॉटेल आहे हे, ते आधीच सांगून ठेवते.

आता फरशी. सगळ्या रूममध्ये, पॅसेजमध्ये, लिफ्टच्या बाहेर, सगळीकडे पांढरी चकचकीत व्हिट्रीफाईड टाइल. आरशासारखी. चिकू ३६ किलोचा आहे आणि त्याची मागची बाजू आता पहिल्यासारखी राहिली नाही, लॅबना खुब्याच्या सांध्याचा त्रास असतो हे पाळणाऱ्यांना माहितीये. कुत्रं चालतं पंजाच्या गादीवर, पकड गादीची असते. पाय सरकला की ते घाबरून बोटं फाकवतं आणि नखं रोवायला जातं, मातीत ती रुततात पण टाइलवर नख कशात रुतणार, उलट गादी उचलली जाते आणि अजून सरकतं. पहिल्या रात्री तो पाणी प्यायला उठला आणि बेडपासून वाटीपर्यंतच्या सहा फुटांत दोनदा बसला. मग त्याने पाणी पिणंच सोडलं, मी वाटी त्याच्या तोंडाशी नेली तेव्हा प्यायला.

मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "आमचा राजा तर दिवसभर हिंडतोय की ह्याच्यावरनं, त्याला काय होत नाही." राजा म्हणजे तो मुधोळ. अहो, राजा तीन वर्षांचा, सडपातळ, बावीस-चोवीस किलोचा. त्याच्यावरून म्हाताऱ्या लॅबचा अंदाज कसा बांधणार? इथेच सगळी गोम आहे असं मला वाटतं, या हॉटेलातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याचा विचार करून केलीय पण तो कुत्रा राजा आहे.

दुसऱ्या खेपेपासून मी माझी तयारी केली. पंजांच्या मधले केस कापले, नखं कापून आणली, लक्ष्मीपुरीतून दोन रबरी मॅट घेतल्या, ९५० रुपये गेले. पेट चार्ज रात्रीला ६०० वेगळा घेतात. एक रात्र सोडली तर (त्याचं पुढे सांगते) १७ रात्रींचे १०,२०० मी भरलेत. तेवढ्यात माझी नेहमीची रूम भिंतीपासून भिंतीपर्यंत मॅटने झाकून झाली असती, हा हिशोब मी मॅनेजरना कागदावर मांडून दाखवला. "वरती कळवतो" म्हणाले.

जेवणाचं मात्र कौतुक करायलाच हवं. मार्चमध्ये वेटर पोराने चिकूच्या उकडलेल्या चिकनवर प्रेमाने पांढरा रस्सा ओतून आणला, तिखट नसतोय म्हणून. पण त्यात कांदा-लसूण असतंच आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मी ताट परत पाठवलं आणि समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला किचनच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, "चिकू – नुसतं उकडलेलं, कांदा लसूण मीठ नाही". सप्टेंबरपर्यंत एकदाही चूक नाही. पुण्यात माझ्या स्वतःच्या घरी पाहुण्यांना हे पाचवेळा सांगावं लागतं!

सकाळी सहाच्या आत रंकाळ्यावर नेलं तर छान, नंतर गर्दी होते आणि भटकी कुत्री अंगावर येतात. महाद्वार रोडला नेऊ नका, एकदा नेला, त्याचे पाय तुडवले गेले.

जुलै. पहिल्या संध्याकाळी धो धो पाऊस, फिरून आलो, पाय पुसले पण लॅबचे पंजे कितीसे कोरडे होणार. लिफ्टमधून बाहेर पडला आणि दोन्ही मागचे पाय दोन बाजूंना गेले. तो ओरडला ना, पूर्ण मजल्यावरची दारं उघडली. नऊ वर्षांत हा कुत्रा असा ओरडलेला मी ऐकला नव्हता. रात्रभर मागचा डावा पाय टेकवत नव्हता. एका मुलाने काळजीने माणसांची पेनकिलर आणून दिली, ती दिली नाही, कुणी देऊही नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. सकाळी डॉक्टरांकडे नेला. हाड शाबूत, स्नायू ताणलेला, तीन आठवडे आराम. मॅनेजर म्हणाले, "पळाला असेल." पळाला नव्हता. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं होतं.

त्या रात्री मी रडत बसले होते आणि रात्रपाळीचे वॉचमन मामा दारात आले, हातात घोंगडं. "ताई, ह्ये टाका खाली. आमच्यात म्हातारी शेळी आजारी पडली की ह्येच टाकत्यात. सरकत न्हाई." जाड, टोचरं, काळं घोंगडं, धनगरी लोकरीचं. दोन टोकं बेडच्या पायांखाली दाबली, आणि चिकू त्याच्यावर स्वतःहून उठून उभा राहिला. माझ्या ९५० च्या मॅट त्याच्या वजनाने गोळा व्हायच्या, हे जागचं हललं नाही. पैसे द्यायला गेले तर मामांनी हातसुद्धा लावला नाही.

आणि तेव्हाच पंचगंगा वाढायला लागली. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे निघालेली, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली जाऊन अडकलेली माणसं मला माहिती होती. पहाटे चारला मालक स्वतः उठून आले, "आत्ता निघा वहिनी, उजाडायची वाट बघू नका." दोघांनी मिळून चिकूला घोंगड्यात घालून गाडीत ठेवला. त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, रूमचेही आणि चिकूचेही.

म्हणून तर ते ८०० रुपये जास्त मनाला लागले. तीन आठवडे आराम म्हणून ऑगस्टची खेप बुडाली, सप्टेंबरमध्ये तीन रात्री चिकू पूर्ण वेळ घोंगड्यावर होता. आणि नखाने व्हिट्रीफाईडवर ओरखडा उठतो का? त्या टाइलला सुरीने घासलं तरी सहज काही होत नाही.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं. आज दुपारी मालकांचा फोन आला, मी मेल केला होता त्यावर. त्यांनी स्वतः जाऊन बघितलं, ओरखडे दोन सरळ रेषा आहेत, मधलं अंतर बेडच्या दोन पायांएवढं. एसी सर्व्हिसिंगला बेड ओढला होता. "चुकलं आमचं" म्हणाले, ८०० लगेच परत पाठवले, आलेसुद्धा. मग मी विचारलं की फरशीचं काय. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले की राजालाही आता तीनाची तेरा वर्षं होणारच आहेत कधीतरी, तळमजल्यावरच्या दोन रूम आणि लिफ्टपुढचा पॅसेज दिवाळीआधी रबर मॅटिंग करून घेतो.

वर मॅनेजरबद्दल लिहिलंय ते तसंच ठेवतेय कारण तसंच घडलं. पण हॉटेलला एक स्टार द्यायचा ठरवला होता तो आता चार. पाचवा मॅटिंग बघितल्यावर. भाऊबीजेच्या दोन रात्री बुक केल्यात, तळमजल्यावरची रूम मागितलीय. मामांसाठी नवीन घोंगडं घेतलंय, त्यांचं जुनं चिकू काही सोडत नाही.