सीजेला कोट घालायला गेलो आणि स्वतःच उघडा पडलो

लिहायला खरं तर लाज वाटतेय, कारण मी काही काल कॉम्प्युटर हातात घेतलेला माणूस नाही. जीटीए सॅन अँड्रियास हा गेम, ज्याचा हिरो सीजे, पीसीवर आला २००५ साली आणि तेव्हापासून मी त्याच्यात गाड्या बदल, हत्यारं बदल, रस्त्याचं टेक्श्चर बदल हे उद्योग करत आलोय. घरात कुणाचा पीसी बिघडला की पहिला फोन मला येतो. आणि मीच एका कोटाच्या मॉडपायी (मॉड म्हणजे गेममध्ये बदल करायला लोकांनी बनवलेल्या फायली) स्वतःचा ईमेल, गेमचं अकाऊंट आणि मावसभावाचं पण अकाऊंट घालवून बसलो.

झालं असं की मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, "दादा हे बघ, सीजेला लांब काळा कोट, चालताना मागे हलतो पण". बघितलं, खरंच झकास होता. खाली लिंक होती. ती उघडली तर दुसरीच साईट, तिथे दहा सेकंद थांबा, मग नोटिफिकेशन अलाऊ करा, मग अजून एक बटण, असं तीन दारं ओलांडून एक झिप फाईल मिळाली १२ एमबीची. झिपला पासवर्ड होता आणि तो बाजूलाच लिहिलेला. इथेच थांबायला हवं होतं. पासवर्ड सगळ्यांना दिसतोच आहे तर मग कुलूप कुणासाठी? अँटिव्हायरससाठी. पासवर्ड असलेली झिप त्याला आतून तपासता येत नाही, म्हणून डाउनलोड होताना तो गप्प बसतो. हे मला आज कळतंय असं नाही, तेव्हाही माहीत होतं, पण डोक्यात कोट होता.

झिप उघडली तर आत एक रीडमी आणि एक सेटअपची ईएक्सई फाईल, म्हणजे उघडली की प्रोग्रॅम चालू होतो अशी, आणि ती ईएक्सई बाहेर काढल्यावर झाली ७४० एमबी. १२ एमबीच्या झिपमधून ७४०! अरे सगळा गेम पाच जीबीच्या आतला, त्यात तीन शहरं, डोंगर, वाळवंट, विमानं सगळं आलं, आणि एक कोट ७४० एमबीचा? कोटात काय गेममधलं अख्खं लॉस सँटोस शहर शिवलं होतं का? नंतर समजलं की फाईलमध्ये नुसते शून्य भरून ती फुगवलेली असते. शून्य दाबले की काहीच जागा घेत नाहीत म्हणून झिप एवढीशी, आणि उघडली की एवढी मोठी की बरेच स्कॅनर ती सोडून देतात. व्हायरसटोटल या फाईल तपासणाऱ्या साईटवर टाकायला गेलात तर तिथे पण ६५० एमबीच्या वरची फाईल घेत नाहीत. म्हणजे ७४० हा आकडा उगाच नव्हता.

आता रीडमीमध्ये काय लिहिलं होतं ते ऐका. "अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून धोका दाखवतो, सगळ्या मॉडला दाखवतो." आणि मी केला बंद! का केला, तर आम्हा जुन्या गेमवाल्यांना ती सवयच लागलेली आहे. सॅन अँड्रियासच्या नंतरच्या आवृत्तीवर अर्धे मॉड चालत नाहीत, म्हणून आधी गेम पहिल्या, १.० आवृत्तीवर आणायचा, तेव्हा अँटिव्हायरस ओरडतो. ट्रेनर, म्हणजे चीटचा प्रोग्रॅम टाकला, ओरडतो. एएसआय लोडर, म्हणजे एएसआय प्रकारचे मॉड गेमबरोबर चालू करणारी फाईल टाकली, कधीकधी त्याच्यावर पण ओरडतो. वीस वर्षं आपण त्याला "गप रे" म्हणत आलोय आणि बहुतेक वेळा आपलंच बरोबर निघालंय. चोराला हे चांगलं माहीत आहे. त्याला आपलं कुलूप तोडावं लागत नाही, आपण सवयीने स्वतःच काढून ठेवतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी मेख हीच आहे, बाकी सगळा तपशील.

तर ईएक्सई चालवली. एक खिडकी आली, हिरवी पट्टी भरली आणि शेवटी मेसेज, अमुक एक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाईल) सापडली नाही. मला वाटलं जुना मॉड आहे, काहीतरी राहिलं असेल. मी गेमना लागणारं डायरेक्टएक्स परत टाकलं, व्हिज्युअल सी प्लस प्लसचे सगळे जुने पॅक टाकले, आणि मग तीच फाईल पुन्हा चालवली, या वेळी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. हो. चोर बिचारा खिडकीतून आला होता, मी त्याला हाताला धरून पुढच्या दाराने परत आत घेतलं. तो एररचा मेसेज खोटा होता, काम पहिल्याच वेळी झालं होतं, मेसेज एवढ्यासाठी की आपल्याला वाटावं मॉड बसला नाही आणि आपण विषय सोडून द्यावा. मी पण सोडला, झोपलो.

सकाळी फोन उघडला तर रात्रीचे मेल, नवीन ठिकाणाहून लॉगिन, पासवर्ड बदलला, रिकव्हरी नंबर बदलला. मी म्हटलं शक्यच नाही, माझ्याकडे टू फॅक्टर चालू आहे, कोड आल्याशिवाय कोण आत जाणार. तर तसं नसतं. असल्या फाईली पासवर्ड तर उचलतातच, ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले सगळे, पण त्याहून वाईट म्हणजे त्या कुकी उचलतात. आपण एकदा लॉगिन केलं की साईट ब्राउजरला एक पास देऊन ठेवते की हा माणूस तपासलेला आहे, पुन्हा पुन्हा विचारू नका. तो पासच चोरला की कोड मागायचा प्रश्नच येत नाही, साईटला वाटतं तुम्हीच आहात.

आणि मग मी दुसरी मोठी चूक केली. घाबरून त्याच पीसीवर बसून सगळे पासवर्ड बदलायला लागलो. म्हणजे नवीन पासवर्ड पण त्यालाच वाचून दाखवले. असं कुणाबरोबर झालं तर आधी त्या पीसीचं इंटरनेट काढा, वायर असेल तर वायर उपटा, आणि फोनवरून किंवा दुसऱ्या कुठल्या मशीनवरून पहिला ईमेल पकडा, बाकीची अकाऊंटं त्याच्याच जिवावर उघडतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" हे बटण शोधून दाबायचं म्हणजे ते चोरलेले पास रद्द होतात. रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर कुणाचा लागलाय ते बघायचं, आणि मेलमध्ये फॉरवर्डिंगचा नियम कुणी घालून ठेवलाय का ते पण बघायचं, माझ्यात होता. मग विंडोज. मी पेन ड्राइव्हवरून सगळं पुसून नव्याने टाकलं. नुसतं स्कॅन करून समाधान करून घेऊ नका. पुसायच्या आधी मी डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसची सेटिंग उघडून बघितली, तर वगळण्याच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता, म्हणजे अँटिव्हायरस चालू दिसत होता पण त्याला कुठेच बघायची परवानगी नव्हती.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. माझ्या चॅटच्या अकाऊंटवरून माझ्या यादीतल्या सगळ्यांना मेसेज गेले, "हा मॉड टाकून बघ, मस्त आहे", आणि लिंक. मावसभावाने अर्थातच टाकला, दादाने पाठवलाय म्हटल्यावर कोण शंका घेणार. त्याचं गेमचं अकाऊंट गेलं. मला म्हणाला, "अरे दादा तूच पाठवला होतास ना." काय उत्तर देणार. त्याचं अकाऊंट नंतर मिळालं, जुन्या खरेदीच्या पावत्या सपोर्टला पाठवल्यावर. माझं पण गेमचं मिळालं, आतल्या वस्तू मात्र कुणाला तरी देऊन टाकलेल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. जुना ईमेल अजून परत आलेला नाही.

हे काही आजचं नाही म्हणा. २०१५ मध्ये जीटीए ५ पीसीवर आला आणि महिन्याभरातच अँग्री प्लेन्स आणि नो क्लिप या दोन मॉडमधून फेड नावाची चोरटी ईएक्सई लोकांच्या मशीनमध्ये शिरल्याचं उघड झालं. २०२३ मध्ये माइनक्राफ्ट गेमच्या मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस सापडला, तो तर लोक विश्वासाने वापरतात अशा ठिकाणच्या मॉडमध्ये घुसला होता. त्यामुळे "मी चांगल्या जागेवरूनच घेतो" म्हणणाऱ्यांनी पण फार ताठ राहू नये.

पण कपड्यांच्या मॉडचं एक बरं आहे, त्यात ओळखायला सोपं जातं. सॅन अँड्रियासमध्ये कपडा म्हणजे दोन फायली, डीएफएफ म्हणजे आकार आणि टीएक्सडी म्हणजे त्याच्यावरचं चित्र. बस. या दोन्हीत चालवण्यासारखं काही नसतं, गेमच त्या वाचतो. मॉडलोडरच्या (मॉड गेममध्ये घेणारं साधन) फोल्डरमध्ये टाकायच्या, नको झालं की तो फोल्डर उडवायचा. कोटाला इन्स्टॉलर कशाला लागेल? कधीकधी स्किन बदलायच्या मॉडबरोबर क्लिओची (गेममध्ये स्क्रिप्ट चालवणारं जोडसाधन) सीएस किंवा एएसआय फाईल येते, तिथे मात्र जपून, कारण एएसआय म्हणजे नाव बदललेली डीएलएलच, ती गेमबरोबर चालते आणि तिला वाटेल ते करता येतं. आणि विंडोजमध्ये फाईलचं शेपूट (नावाच्या शेवटचं डॉट ईएक्सई वगैरे) दाखवायचं सेटिंग आधी चालू करा, ते मुळात बंद असतं, त्यामुळे "कोट डॉट टीएक्सडी डॉट ईएक्सई" ही फाईल तुम्हाला नुसती "कोट डॉट टीएक्सडी" दिसते आणि आयकॉन काय, कसलाही लावता येतो.

कोट सापडला शेवटी, वेगळ्याच माणसाने बनवलेला. दीड एमबी, दोन फायली, ना पासवर्ड ना काही. पाच मिनिटांत बसला. मागे हलतो वगैरे काही नाही, आणि सीजे सायकलवर बसला की खांद्यापाशी फाटतो.