'व्हॉट टू एक्स्पेक्ट' की 'गुड न्यूज': घरी गोड बातमी असेल तर कोणता पिच्चर लावावा

घरात कोणाला दिवस गेले की कोणीतरी विचारतंच, प्रेग्नन्सीवरचा एखादा हलकाफुलका पिच्चर सांग ना, रडका नको. मग दोन नावं हटकून निघतात. एक हॉलिवूडचा 'व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग', २०१२ चा, आणि दुसरा आपला 'गुड न्यूज', २०१९ च्या डिसेंबरात आलेला. मी दोन्ही बायकोसोबत पाहिले, तिला सातवा लागला होता आणि नागपूरचा मे महिना, म्हणजे दुपारी घराबाहेर पडायचा विषयच नाही.

रिव्ह्यू पाहून ठरवायचं म्हटलं तर प्रश्नच मिटला. 'व्हॉट टू एक्स्पेक्ट'ला रॉटन टोमॅटोजवर, म्हणजे समीक्षकांचा कौल एकत्र करणाऱ्या वेबसाइटवर, २५ टक्केही नाहीत, जेनिफर लोपेझ आणि ब्रुकलिन डेकर या दोघींना त्यावरून रॅझीचं नामांकन मिळालं, म्हणजे वाईट कामाचं बक्षीस असतं ते. रिलीज झाला तेव्हा 'अव्हेंजर्स'ची हवा होती, त्यामुळे थेटरातही पहिल्या आठवड्यात पाचव्याच नंबरवर. 'गुड न्यूज'चं उलट. बऱ्याच समीक्षकांनी बरं म्हटलं, करीना आणि दिलजीतचं कौतुक झालं आणि एकट्या भारतात दोनशे कोटींच्या वर धंदा केला.

इंग्रजी पिच्चरवरची मुख्य तक्रार अशी की मुळात ते १९८४ चं हायडी मर्कॉफचं गरोदरपणाचं गाइड, त्यात ना हिरो ना गोष्ट, आणि त्यावरून यांनी पाच जोडपी उभी केली. एकीचं जरा रंगात आलं की कट, चला दुसरीकडे. 'व्हॅलेंटाइन्स डे' आणि 'न्यू इयर्स ईव्ह' हे डझनभर स्टार कोंबलेले पिच्चर नुकतेच येऊन गेले होते, त्यांच्याच पंगतीत याला बसवलं. तक्रार खोटी नाही हो. आमची आई मध्ये मध्ये येऊन बसायची आणि दरवेळी विचारायची, "ही कोणाची बायको?" आणि खरं सांगतो, पहिला अर्धा तास मलाही नीट सांगता येत नव्हतं. कॅमेरॉन डियाझचा टीव्ही शोवाला भाग तर मी आजही कापून टाकीन, काही बिघडणार नाही.

पण गंमत अशी आहे की समीक्षकांना जे विस्कळीत वाटलं तेच पोटुशी बाई सोबत असली की कामाचं वाटतं. कारण त्या पाचांतली एक तरी तिची असते. आमच्याकडे ती होती वेंडी, एलिझाबेथ बँक्स. हिचं बाळंतपणाच्या सामानाचं दुकान, लोकांना सांगून सांगून थकलेली की आईपण म्हणजे चेहऱ्यावर तेज वगैरे, आणि स्वतःला दिवस गेल्यावर पाय सुजलेले, पोटात गॅस, झोप नाही. त्यात सासऱ्याची तरणी बायको पोटात जुळे घेऊन उंच टाचांवर टकटक फिरून राहिली, तिला काहीच त्रास नाही. शेवटी वेंडी स्टेजवर भाषणाला उभी राहते आणि तेजबिज सोडून सगळं खरं खरं ओकते. तिथे आमच्या सौ. जे हसल्या ते थांबेचनात, मग म्हणाल्या रिवाइंड कर, मग परत पाहिला तोच सीन. त्या महिन्यात तिला रोज कोणी ना कोणी म्हणत होतं "अगं किती छान दिसतेस", त्यामुळे असेल.

अजून एक, त्यातले बाप लोक. ख्रिस रॉकची एक टोळी आहे, बाबागाड्या ढकलत बागेत फिरणारी, आणि नियम असा की इथे कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत. आपल्याकडे नागपुरात फुटाळा तलावावर चहा पीत बसलेली मंडळी कशी एकमेकांची ऐकून घेतात, तसंच डिट्टो. टीका करणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा भाग मात्र आवडला होता.

आता 'गुड न्यूज'. विषय जबरदस्त आहे, दोन जोडपी, आडनाव दोघांचं बत्रा, आणि आयव्हीएफ क्लिनिकमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीवाल्या दवाखान्यात, नवऱ्यांच्या स्पर्मच्या सॅम्पलची अदलाबदल. (तेव्हा आपल्याकडे या क्लिनिकांसाठी वेगळा कायदाही नव्हता, तो २०२१ मध्ये झाला.) दोनच जोडपी असल्यामुळे गोंधळ नाही, आईलाही सगळं समजलं. अक्षयचं टायमिंग आहेच, करीना नवऱ्याला सुनावते तो सीन तर फारच छान, आणि सेकंड हाफमध्ये डोळे ओले होतात, माझेही झाले. कामं बघायची असतील तर हाच बघा, यात वाद नाही.

मग अडलं कुठे? हनी, म्हणजे दिलजीत, आणि त्याची बायको मोनिका यांच्यापाशी. चंदीगडहून आलेलं जोडपं, मोठ्याने बोलणारं, भडक कपडे, इंग्रजी कच्चं, आणि अर्धेअधिक विनोद यावरच की मुंबईच्या बत्राला, म्हणजे अक्षयला, त्यांची शिसारी येते. वरच्याच फ्लॅटमध्ये राहायला येतात तेव्हा तर हे सारखंच चालू. काही समीक्षकांनीही म्हटलं होतं की पंजाबी म्हणजे गोंगाट हे आता पुरे करा, पण त्यांनी एका ओळीत आटोपलं, मला ते पूर्ण पिच्चरभर टोचलं. मी काही वर्षं पुण्यात नोकरीला होतो, बोलता बोलता आपलं नागपुरी "करून राहिलो" निघालं की ऑफिसात सगळे हसायचे, प्रेमानेच हसायचे बिचारे, तरी जेवायला बसल्यावर आपण गप्पच बरे असं वाटायला लागायचं. त्यामुळे हनी आपला भरभरून बोलतो आणि समोरचा तोंड वाकडं करतो, आणि थेटर हसावं म्हणून म्युझिक वाजतं, तिथे माझं हसू अटकतं. दिलजीतने त्याला माणूस केलं म्हणून निभावलं. तुम्हाला नाही खटकणार कदाचित, माझ्या भावाला नाहीच खटकलं, तो लोटपोट झाला.

इंग्रजीवाल्यातही नमुने आहेत, पण सगळेच थोडे थोडे येडे, एकाने दुसऱ्याकडे वरून पाहावं असं नाही. माझा काटा तिथेच इंग्रजीकडे कलला.

फक्त एक आधी सांगून ठेवतो, त्यातला रोझी आणि मार्कोचा ट्रॅक. दोघं फूड ट्रकवाले, एकमेकांचे स्पर्धक, एका रात्रीतून दिवस जातात आणि मग गर्भपात होतो. हॉस्पिटलचा सीन छोटा आहे, कोणी छाती पिटत नाही, पण नंतर दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच सुचत नाही हे बरोबर पकडलंय, रोझी झालेल्या ॲना केंड्रिकने काय काम केलंय. सगळ्यात खरा तुकडा मला हाच वाटला. तरी घरात आधी असं काही घडून गेलेलं असेल तर एकट्याने पाहून घ्या आणि मगच ठरवा, नाहीतर त्या दिवशी सरळ 'गुड न्यूज' लावा. सासरे सोबत बसणार असतील तर मात्र त्यातले स्पर्मचे जोक सुरू झाले की पाणी आणायला उठायची तयारी ठेवा.

२०२४ चा 'बॅड न्यूज' विचारू नका, जुळी पोरं आणि दोन बाप असा मामला आहे, तो कॉलेजच्या पोरांसाठी ठीक.

आणि 'व्हॉट टू एक्स्पेक्ट' लावाल तर सबटायटल चालू करा, कूलर फुल्लवर असला की वेंडीचं ते भाषण अर्धं ऐकूच येत नाही.