हब मोटर की मिड-ड्राइव्ह? दमदार ई-सायकल घरी बांधण्याआधी

साध्या सायकलला ताकदवान मोटर बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॉटची?’ पण मोटरीवर छापलेला वॉटचा आकडा बराचसा नावापुरता असतो. कंट्रोलर किती करंट सोडतो आणि बॅटरी तो किती वेळ देऊ शकते, यावर खरी ताकद ठरते. मोटर कुठल्या जातीची घ्यायची हे मात्र तुमच्या रस्त्यावरचे चढ ठरवतात. म्हणून ही तुलना चढापासूनच सुरू केली आहे.

चढावर काय होतं

गाडी, बॅटरी आणि स्वार मिळून वजन ११० किलो धरा. १० टक्क्यांचा चढ ताशी २० किलोमीटरने चढायचा तर चाकाशी साधारण ७०० वॉट आणि ४३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, लागतो. मागच्या चाकातल्या डायरेक्ट-ड्राइव्ह हब मोटरीला हा टॉर्क गिअरविना, निव्वळ करंटच्या जोरावर काढावा लागतो. दर व्होल्टला मिनिटाला ९ फेरे घेणारी मोटर असेल तर त्यासाठी सुमारे ४० अँपिअर फेज करंट, म्हणजे मोटरीच्या वेटोळ्यांतला करंट, जातो. तांब्याच्या वेटोळ्यांचा रोध ०.१५ ओहम धरला, तर २४० वॉट नुसते उष्णतेत जातात. चढ दुप्पट झाला की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट, म्हणजे जवळजवळ हजार वॉटची शेगडी चाकाच्या आत. ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते, कारण वेटोळी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये हवेची फट असते. लांब चढावर मोटर जळते ती यामुळेच, वॉट कमी पडले म्हणून नव्हे.

मिड-ड्राइव्ह क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या, जागी बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. त्याच चढावर २६ इंची चाक मिनिटाला १६० फेरे घेतं. पुढे ४२ आणि मागे ३२ दाते असतील तर क्रँक १२० फेऱ्यांच्या आसपास फिरते. या वेगाला मोटर मोकळी चालते आणि थंड राहते. मात्र तोच चढ ११ दात्यांवर चढायला गेलात तर क्रँक ४२ फेऱ्यांवर येते आणि मिड-ड्राइव्हसुद्धा हबइतकीच तापते. मिड-ड्राइव्हचा सगळा फायदा गिअर बदलणाऱ्या हातात आहे. थ्रॉटल पिळून एकाच गिअरवर फिरायचं असेल तर तो पैसा वाया गेला म्हणून समजा.

सपाट रस्त्यावर पारडं फिरतं

ताशी ४५ किलोमीटरला हवेचा रोध धरून चाकाशी ८०० ते ८५० वॉट लागतात. डायरेक्ट-ड्राइव्ह हे तासन्‌तास देऊ शकते, कारण तिथे फेरे जास्त आणि करंट कमी असतो. आत झिजणारे दाते नाहीत, आवाज नाही, आणि उतारावर रीजेन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे मोटरच ब्रेक लावते आणि बॅटरी थोडी भरते. चेनवर मोटरीचा भार येतच नाही. रोज लांबचा सपाट प्रवास असेल तर आमचं मत निःसंकोचपणे डायरेक्ट-ड्राइव्हकडे आहे.

मिड-ड्राइव्हचा सगळा जोर चेनमधून जातो. बाफांग बीबीएसएचडीसारखी मोटर ५२ व्होल्टवर ३० अँपिअर घेते, म्हणजे १५०० वॉटच्या वर. हा जोर चालू असताना गिअर बदलला तर दाते झिजतात किंवा चेन तुटते. गिअर बदलताना मोटर क्षणभर तोडणारा गिअर सेन्सर लावा, किंवा क्षणभर थ्रॉटल सोडून मग गिअर बदला. मागचे दाते पोलादी हवेत. सुटे दाते थेट ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर (मागच्या हबच्या ज्या भागावर दाते बसतात त्यावर) बसले तर त्यात खाचा पाडतात, म्हणून एकत्र रिव्हेट केलेला कॅसेट (दात्यांचा संच) घ्या. सगळ्यात छोटे ११ दाते शक्यतो वापरूच नका, आधी तेच संपतात.

गिअर असलेली हब मोटर हा तिसरा पर्याय. वजनाला हलकी, पॅडल मारताना अडखळत नाही, सुरुवातीचा जोर चांगला. पण आतले नायलॉनचे दाते आणि क्लच जास्त करंटला टिकत नाहीत, आणि क्लचमुळे रीजेनही नाही. दमदार गाडीसाठी तिचा विचार सोडा.

फ्रेमवर बसवताना

हब मोटर घेणाऱ्यांची सर्वात महाग चूक ॲक्सलशी होते. मोटर चाक पुढे ढकलते, तेव्हा ॲक्सल उलट्या दिशेने फिरू बघतो. त्याला रोखायला फक्त १० मिलिमीटर अंतराच्या दोन सपाट बाजू असतात. ॲक्सल सुटला तर खाच फाटते, मोटरीतून निघणारी वायर पिळून तुटते आणि चाक निखळू शकतं. हजार वॉटच्या पुढे दोन्ही बाजूंना जाड पोलादी टॉर्क आर्म (ॲक्सलला फिरू न देणारे, फ्रेमला बांधलेले दांडे) लावायचेच, आणि ते ॲक्सलवर घट्ट बसायला हवेत. जराशी ढिलाई असली तर रीजेनच्या उलटसुलट धक्क्यांनी नट सैल होतात. पोलादी फ्रेम वाकून इशारा देते, ॲल्युमिनियमची खाच मात्र अचानक तडकते. पुढच्या चिमट्यात, विशेषतः सस्पेन्शनच्या, जोरकस हब मोटर बसवू नका.

आरे जाड घेतले की चाक मजबूत होतं हा गैरसमज आहे. १२ गेजच्या आऱ्यांना पुरेसा ताण देण्याआधीच रिम हार मानते, मग सैल आरे कोपरात तुटतात. १३-१४ गेजचे बटेड (मधे बारीक केलेले) आरे जास्त टिकतात. हबचा फ्लँज (आरे अडकवायची कड) मोठा असल्यामुळे विणताना एकच क्रॉस ठेवा, म्हणजे प्रत्येक आरा एकाच आऱ्याला ओलांडू द्या, नाहीतर आरा रिमजवळच्या निपलपाशी वाकतो.

मिड-ड्राइव्हला आधी बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे फ्रेममधल्या क्रँकच्या नळीची, रुंदी मोजा. बीबीएसएचडी ६८ ते ७३, १०० आणि १२० मिलिमीटर अशा मापांत मिळते. मोटर क्रँकभोवती फिरू नये म्हणून लॉकनट नीट आवळा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ती हमखास सैल होते.

बॅटरी: इथे काटकसर नको

१३ सेलांची ओळ पूर्ण चार्जला ५४.६ व्होल्ट देते, १४ ची ५८.८ आणि २० ची ८४. मिड-ड्राइव्हला १४ ची ओळ पुरते. ३००० मिलिअँपिअर-तासाचे, सतत १५ अँपिअर देणारे सेल पाच समांतर घेतले तर ३० अँपिअरला प्रत्येक सेलवर ६ अँपिअर येतात, म्हणजे पॅक निवांत चालतो. तेच १० अँपिअरचे सेल तीन समांतर लावले तर प्रत्येक सेल आपल्या कमाल मर्यादेवर येतो. व्होल्टेज खाली बसतं, पॅक तापतो आणि वर्षभरात मरगळतो. ७२ व्होल्ट, ५० अँपिअरच्या डायरेक्ट-ड्राइव्हला किमान सहा समांतर, म्हणजे १२० सेल हवेत. बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची) सततची मर्यादा कंट्रोलरपेक्षा जास्तच ठेवा.

अंतराचा हिशेब सोपा आहे. ताशी ३० ला किलोमीटरमागे साधारण १२ वॉट-तास, ताशी ४५ ला २२. म्हणजे १००० वॉट-तासांचा पॅक वेगात ४५ किलोमीटर जातो, सावकाश ८० च्या आसपास. सेलांना थेट डाख देऊ नका, उष्णतेने आतलं सील बिघडतं. स्पॉट वेल्डिंग आणि शुद्ध निकेलची पट्टी वापरा. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या निकेल म्हणून खपवल्या जातात. पट्टी घासून मिठाच्या पाण्यात ठेवा, पोलाद गंजतं. मुख्य वायरवर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

ताकद वाढवायची झाली तर

कंट्रोलरच्या शंटवर (करंट मोजणाऱ्या तारेवर) डाख चढवून करंट वाढवण्याची युक्ती जुनी आहे. त्यात कंट्रोलर कमी करंट मोजतो आणि नकळत जास्त सोडतो. कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट होऊन जळला की डायरेक्ट-ड्राइव्ह चाक ब्रेक लागल्यासारखं जड होतं, आणि ते धावत्या गाडीवर होतं. त्यापेक्षा मोठा, सेटिंग बदलता येणारा कंट्रोलर घ्या. व्होल्टेज वाढवण्याआधी आतल्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा. ६३ व्होल्टच्या कपॅसिटरवर ८४ व्होल्टचा पॅक लावायचा नाही.

डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून १०० अंशांपासून करंट उतरवत न्या. मोटरीत फेरोफ्लुइड (चुंबकाला चिकटणारं तेलकट द्रव) साधारण ५ ते १० मिलिलीटर घातलं तर उष्णता कवचापर्यंत पोचते आणि चढावर खरोखर फरक पडतो. चढ अधूनमधून लागत असतील तर लहान चाकात हब विणणं हा आणखी चांगला उपाय आहे. २६ ऐवजी २० इंची चाकात त्याच करंटला ढकलण्याचा जोर तीस टक्के वाढतो. कमाल वेग मात्र सुमारे तेवीस टक्के उतरतो.

यातला कुठलाही पर्याय युरोपीय संघाच्या २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या सायकल-मर्यादेत बसत नाही. आपल्याकडचा नियम वाचून मगच सार्वजनिक रस्त्यावर उतरवा.

मोटरीआधी ब्रेक बदला: हायड्रॉलिक डिस्क, पुढे २०३ आणि मागे १८० मिलिमीटरची चकती, आणि लीव्हरला मोटर तोडणारा स्विच. पहिली चाचणी मागचं चाक उचलून, करंट मर्यादा १० अँपिअरवर ठेवून घ्या. मग सपाट रस्त्यावर एक किलोमीटर जाऊन थांबा आणि कनेक्टर, फेज वायर, मोटरीचं कवच हाताने चाचपा. जिथे बोट टेकवत नाही, तिथला जोड उघडून पुन्हा करा, मग मर्यादा वाढवा.