एनसीव्ही टेस्ट: टेक्निशियन एक नंबर, वेटिंग बोगस

आईच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या यायच्या म्हणून डॉक्टरांनी एनसीव्ही (नसेतला सिग्नल किती स्पीडने जातो ते मोजायची टेस्ट) लिहून दिली, सेंटरचं नाव नाही लिहीत, घराजवळचंच आहे. अपॉइंटमेंट असून तासभर बसवलं, रिसेप्शनवर विचारलं की फक्त "होईल हो". पण आतली टेक्निशियन मुलगी भारी! आधी आईचा हात गरम करून घेतला, कारण हात गार असला की नसेतला सिग्नल हळू जातो आणि रिपोर्ट उगाच खराब दिसतो. मग मनगटावर शॉक, नंतर कोपरात, प्रत्येक वेळी अंगठा टुणकन उडायचा, शॉकपासून अंगठा उडेपर्यंत लागलेल्या दोन्ही वेळांतला फरक आणि मनगट ते कोपर टेपने मोजलेलं अंतर यावरून स्पीड काढतात. हातात नॉर्मल साधारण सेकंदाला 50 मीटर किंवा जास्तच, कारण नसेवर मायलिन नावाचं चरबीचं कव्हर असतं नि सिग्नल कव्हरमधल्या एका गॅपवरून दुसऱ्या गॅपवर उड्या मारत पळतो. आईचा कोपर ते मनगट स्पीड ओके, मनगटातच स्लो, म्हणजे कार्पल टनेल (मनगटात नस दबणं). शॉकने दचकायला होतं पण सहन होतो. स्नायूत सुई घालून करतात ती ईएमजी टेस्ट वेगळी, ती आईला लागली नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पार्किंग नाहीये, रिक्षाने जा.