गेम पुरस्कार सुरू करताय? आधी नामांकन आणि मतमोजणी ठरवा

२०२४च्या नोव्हेंबरात गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत लोकांच्या मतांवर वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’. तीन आठवड्यांनी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तोच मान ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’कडे गेला. त्याच रात्री निव्वळ खेळाडूंच्या मतांवर दिला जाणारा ‘प्लेयर्स व्हॉइस’ मात्र पुन्हा वूकाँगनेच नेला. द गेम अवॉर्ड्समध्ये शंभरहून अधिक प्रसारमाध्यमांच्या ज्युरीला ९० टक्के वजन असतं आणि लोकांच्या मताला १० टक्के. गोल्डन जॉयस्टिक १९८३पासून मुख्यतः लोकांच्या मतांवर चालत आलेत. गेम तेच, वर्ष तेच, मोजायची रीत बदलली आणि विजेता बदलला.

आमच्या खेळाडूंच्या समूहाच्या वार्षिक पुरस्कारांचं नामांकन आणि मतमोजणी मी चार वर्षं सांभाळते आहे. दरवर्षी साधारण १४० ते ३०० जण मत देतात. असाच पुरस्कार सुरू करणारे लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो मतदानाच्या सॉफ्टवेअरचा. माझ्या अनुभवात तो प्रश्न सर्वांत शेवटचा. त्याआधी स्वतःला विचारा: सर्वांत जास्त जणांनी खेळलेला गेम तुम्हाला शोधायचाय, की ज्यांनी खेळला त्यांना सर्वांत जास्त भावलेला? पुरस्काराच्या नावात बहुतेक जण दुसरं लिहितात आणि मतपेटी मोजते पहिलं.

नामांकन: खुलं की समितीचं?

खुल्या नामांकनाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे स्टीम अवॉर्ड्स. २०१६पासून वापरकर्तेच शरद ऋतूच्या सेलमध्ये नावं सुचवतात आणि हिवाळ्याच्या सेलमध्ये मत देतात. सहभाग प्रचंड असतो, पण प्रवर्गाचा अर्थ वाटेत हरवतो. २०२३च्या पुरस्कारांत ‘सर्वांत नावीन्यपूर्ण गेमप्ले’ मिळाला स्टारफील्डला, ज्याची धाटणी जुनीच असल्याची टीका होत होती. जुन्या गेमची वर्षानुवर्षं निगा राखणाऱ्यांसाठी असलेला ‘लेबर ऑफ लव्ह’ गेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला, ज्याच्या ऑनलाइन भागाला मोठे अपडेट देणं २०२२मध्येच थांबलं होतं. मत देणाऱ्यांनी खोडसाळपणा केला असं मी म्हणणार नाही. यादीत ओळखीचं आणि लाडकं नाव दिसलं की हात तिकडे जातो, प्रवर्गाची व्याख्या कोणी उघडून वाचत नाही. म्हणून ती व्याख्या फॉर्मवर प्रश्नाच्या लगेच खाली, एका वाक्यात छापा. ‘या वर्षी या जुन्या गेममध्ये काय नवं आलं ते एका ओळीत लिहा’ असा रकाना जोडलात तर आणखी चांगलं. आम्ही तो जोडल्यावर त्या प्रवर्गातली नामांकनं निम्म्यावर आली, आणि उरलेली सगळी कामाची होती.

खुल्या नामांकनात दुसरा त्रास आहे कारकुनीचा, आणि तो कमी लेखू नका. पहिल्या वर्षी आम्ही नाव टाइप करायला मोकळा रकाना ठेवला होता. बाल्डर्स गेट ३ हे एकच नाव शीटमध्ये अकरा तऱ्हांनी आलं: पूर्ण, आद्याक्षरांत, आकडा जोडून, आकडा सोडून, दोन ठिकाणी तर नुसतं ‘बाल्डर’. कोणी गेमऐवजी त्याच्या विस्ताराचं (मूळ गेमला नंतर जोडलेल्या भागाचं) नाव दिलेलं, कोणी मूळ गेम लिहून रिमेक अभिप्रेत धरलेला. ही गोळाबेरीज करताना आपण नकळत निर्णय घेत असतो, आणि ते निर्णय कोणाला दिसत नाहीत. आता आम्ही त्या वर्षीच्या गेमची यादी आधी बनवतो. सभासद तीतून निवडतात, नाव नसेल तर जोडायची विनंती करतात.

खुल्या नामांकनाचा खरा धोका मात्र गटबाजीचा. याचा सर्वांत खोल अभ्यास गेमच्या नव्हे, विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत झाला. हे पुरस्कार चाहत्यांच्या संस्थेचे सभासद मिळून चालवतात, आणि २०२४पासून त्यांत गेमसाठी कायमचा स्वतंत्र प्रवर्गही आहे. तो पहिल्याच वर्षी बाल्डर्स गेट ३ने जिंकला. २०१५मध्ये एका संघटित गटाने ठरवून तीच ती नावं भरली आणि काही प्रवर्गांची अख्खी अंतिम यादी काबीज केली. बाकी सभासदांची संख्या जास्त होती, पण त्यांची नामांकनं शेकडो नावांत विखुरलेली. अखेर मतदारांनी पाच प्रवर्गांत ‘कोणालाही पुरस्कार नको’ हाच पर्याय निवडला.

यावर त्यांनी काढलेला तोडगा २०१७पासून लागू आहे. प्रत्येक सभासदाच्या सगळ्या नामांकनांना मिळून एकच गुण असतो. पाच नावं दिली तर प्रत्येकाला पंचमांश. सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर ठेवायची, त्यांतलं ज्याला कमी जणांनी सुचवलंय ते गाळायचं, आणि त्याचा वाटा त्याच सभासदाच्या उरलेल्या नावांना द्यायचा. ठरलेल्या संख्येइतकी नावं उरेपर्यंत हेच चालू. समजा तीस जणांनी तीच पाच नावं दिली. साध्या मोजणीत पाचही नावांना तीस-तीस मतं पडून यादी भरून जाते. इथे प्रत्येकाला सहाच गुण मिळतात, आणि त्या पाचांतलीच नावं एकमेकांना गाळायला लागतात. गटाचा आवाज दाबला जात नाही, त्याच्या संख्येला साजेशी एक-दोन नावं यादीत टिकतात. मला ही रीत फार न्याय्य वाटते.

तरी दोन-तीनशे जणांच्या समूहाला एवढं यंत्र लागतंच असं नाही. प्रत्येकाला तीनच नावं द्यायची मुभा ठेवा आणि अंतिम यादी सहाची करा. एका गटाला अख्खी यादी भरणं तेवढ्यानेच अवघड होतं.

समितीची बाजूही ऐका. द गेम अवॉर्ड्समध्ये प्रत्येक माध्यमसंस्था दर प्रवर्गात पाच नावं क्रम न लावता देते, आणि सर्वाधिक मतपत्रिकांवर आलेले गेम नामांकित होतात. गेम खेळणं हेच ज्यांचं काम आहे अशी माणसं त्यामागे असतात, त्यामुळे कमी गाजलेल्या गेमकडेही कोणाचं तरी लक्ष जातं. पण पात्रतेचा घोळ तिथेही सुटलेला नाही. २०२३मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’ला सर्वोत्तम इंडी (म्हणजे बड्या कंपनीविना स्वतंत्रपणे बनवलेल्या) गेमचं नामांकन मिळालं, आणि तो बनवणारा स्टुडिओ नेक्सॉनसारख्या बड्या कंपनीचा. २०२४मध्ये एल्डन रिंगचा विस्तार थेट वर्षाच्या सर्वोत्तम गेमच्या यादीत आला. ‘इंडी म्हणजे काय’ आणि ‘विस्तार हा गेम आहे का’ हे दोन प्रश्न तुमच्याकडेही पहिल्याच वर्षी येतील. उत्तर काहीही ठरवा, नामांकन उघडण्याआधी लिहून ठेवा.

छोट्या समूहात समितीची अडचण निराळी असते: सगळे एकमेकांचे मित्र. माझं मत स्पष्ट आहे. समितीने पात्रता तपासावी, आवडनिवड करू नये. एकच अपवाद मी ठेवते. ध्वनी किंवा सुलभता (अपंग खेळाडूंनाही खेळता यावं याची सोय) अशा प्रवर्गांत मुळात नामांकनंच थोडी येतात. तिथे समितीने दोनपर्यंत नावं जोडावीत आणि त्यांच्यापुढे ‘समितीने जोडलेलं’ असं उघड लिहावं.

नामांकनाशिवायही पुरस्कार चालतो, हे मजकुरावर चालणाऱ्या गेमच्या आयएफकॉम्प स्पर्धेने १९९५पासून दाखवलंय. तिथे आलेला प्रत्येक गेम मतदारांपुढे असतो. कोणीही परीक्षक होऊ शकतो, मात्र किमान पाच गेमना एक ते दहा गुण द्यावे लागतात, आणि गेम कितीही मोठा असला तरी पहिल्या दोन तासांच्या खेळावरच गुण ठरवायचे. साठ-सत्तर तासांच्या गेमना हे लागू करता येणार नाही. ‘छोटे गेम’ असा प्रवर्ग ठेवणार असाल तर मात्र हीच पद्धत घ्या.

मतदान: एक मत, पसंतीक्रम की गुण?

एक माणूस, एक मत ही रीत समजायला सोपी आणि निकालाला सर्वांत घातक. शंभर मतपत्रिका घ्या. एका गाजलेल्या गेमला ४० मतं. दोन छोटे कोडी-गेम, एकाला ३२, दुसऱ्याला २८. एका मताच्या पद्धतीत गाजलेला गेम जिंकला. आता पसंतीक्रम लावायला सांगा. तिसऱ्या क्रमांकाचा गेम बाद होतो आणि त्याच्या २८ मतदारांची दुसरी पसंती पाहिली जाते. २४ जणांनी दुसरा कोडी-गेम लिहिलाय, चौघांनी गाजलेला. निकाल ५६ विरुद्ध ४४, कोडी-गेम विजयी. साठ जणांची पहिली पसंती कोडी-गेमलाच होती, फक्त कोणता यावर त्यांचं एकमत नव्हतं. सारख्या धाटणीचे गेम एकमेकांची मतं खातात, हे दरवर्षी घडतं.

गुणपद्धतीत अडचण उलटी असते. बारा जणांनी खेळलेल्या गेमला सरासरी ९.१ आणि ऐंशी जणांनी खेळलेल्याला ८.६ मिळाले, तर बारा जणांचा गेम पहिला येतो. आणि त्या बारांत तीन जण गेम बनवणाऱ्याचे मित्र असू शकतात. गेम जॅम म्हणजे थोड्या दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धा. त्या जिथे भरतात त्या इच.आयओ या संकेतस्थळावर यासाठी सुधारित गुण असतात. मतांची संख्या मध्यकापेक्षा (सगळ्या गेमच्या मतसंख्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येपेक्षा) कमी असेल तर ती मध्यकाने भागायची, भागाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि सरासरीला त्याने गुणायचं. मध्यक ३० असेल तर आपल्या बारा मतांच्या गेमचे ९.१ घसरून ५.८वर येतात, चोवीस मतं असती तर ८.१ झाले असते. शिक्षा कडक आहे, आणि वार्षिक पुरस्कारांसाठी मला ती पटत नाही, कारण कमी जणांनी खेळणं हा गेमचा दोष नव्हे. जॅममध्ये ती योग्य ठरते, कारण तिथे बहुतेक गेम फुकट आणि छोटे असतात.

आवडलेल्या सगळ्या नावांवर खूण करायची, ही मान्यता-पद्धत नामांकनाला छान आहे. अंतिम फेरीत ती सगळ्यांना चालणाऱ्या, पण कोणाच्या फारशा जिव्हाळ्याच्या नसलेल्या गेमला झुकतं माप देते.

अंतिम फेरीला मी पसंतीक्रमच सुचवेन. पण त्याच्याही पोटात एक खोट आहे, आणि ती मला दोन वर्षं दिसली नव्हती. सहापैकी जे गेम मतदाराने खेळलेच नाहीत, ते तो तळाला टाकतो किंवा रिकामे सोडतो. न खेळलेला आणि नावडलेला, मोजणीत दोन्ही सारखेच. म्हणून आता आमच्या मतपत्रिकेवर प्रत्येक गेमसमोर ‘खेळून झालाय’ अशी चौकट असते. ती पहिल्यांदा ठेवली त्या वर्षी १४० मतपत्रिका आल्या. एक छोटा गेम १९ पहिल्या पसंतींवर दुसऱ्याच फेरीत बाद झाला. तो आणि विजेता असे दोन्ही खेळलेले ३१ जण होते. त्यांतल्या २२ जणांनी छोट्या गेमला वर ठेवलं होतं.

हा आकडा थेट विजेता ठरवायला वापरू नका. आडवाटेचा गेम शोधून खेळणाऱ्याला तो आवडण्याची शक्यता मुळातच जास्त. आम्ही मुख्य पुरस्कार पसंतीक्रमावर देतो आणि अशा जोडीजोडीच्या तुलनेतून एक वेगळा पुरस्कार काढतो. दोन्ही गेम खेळलेले किमान २५ जण असले तरच. समूह साठ-सत्तर जणांचा असेल तर ही तुलना सोडून द्या, आकडेच पुरणार नाहीत.

मतदार कोण?

एका वर्षी नामांकन मिळालेल्या एका गेमच्या मंडळींनी आमच्या मतदानाची लिंक आपल्या चाहत्यांना पाठवली. रातोरात दोनशेवर नवी मतं पडली. तपासलं तर एकही मत खोटं नव्हतं, खऱ्या माणसांनी दिलेलं होतं. पण त्यांतल्या जवळपास कोणीच बाकीचे पाच गेम पाहिले नव्हते. आम्हाला ती रद्द करता आली नाहीत, कारण नियमच नव्हता. तेव्हापासून नामांकनं उघडण्याच्या दिवशी जे सभासद असतील तेच मतदार. मतदान चालू असताना कोण पुढे आहे, हेही कोणाला दाखवत नाही.

‘कोणालाही नको’ हा पर्याय ठेवा. बरोबरी झाली तर दोघांना द्या. आणि आकडे प्रसिद्ध करा, बाद केलेल्या नावांसकट. २०२३च्या चीनमधल्या चेंगडू इथल्या ह्यूगोंची आकडेवारी २०२४च्या जानेवारीत बाहेर आली, तेव्हा भरपूर नामांकनं मिळूनही काही नावं ‘अपात्र’ ठरवल्याचं दिसलं, आणि कारण कुठेच दिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या विश्वासाला त्याने तडा गेला. प्रत्येक अपात्र नावापुढे एक ओळ कारण, एवढंच काम आहे.

राहिला कालावधी. द गेम अवॉर्ड्सची मुदत नोव्हेंबरात संपते, म्हणून डिसेंबरात आलेले गेम पुढच्या वर्षात ढकलले जातात. तुम्हाला दूरचित्रवाणीवर सोहळा करायचा नसेल तर ३१ डिसेंबरपर्यंतचे गेम धरा आणि मतदान फेब्रुवारीत घ्या. आम्ही पूर्वी पाचच दिवस द्यायचो. ‘खेळून झालाय’ची चौकट आली त्या वर्षी चौथ्या दिवशी सात-आठ जणांचे निरोप आले: मुदत वाढवा, यादीतला एक गेम अर्धा झालाय, संपवून मत देतो. आम्ही दोन आठवडे वाढवून दिले. आता मतदान तीन आठवडे चालतं, आणि शेवटच्या दोन दिवसांत बरेच जण परत येऊन आपला क्रम बदलतात.